फुटाला पाव इंच

अकरमचा फोन आला तेव्हा मुज्तबा पेंटर मालडब्याच्या दारावर नंबर टाकत बसला होता. डबा रेल्वेचा, पण टिनाचा, वीतभरही नाही. त्याचं दार बोटाच्या दोन पेरांएवढं. अर्धा लिहिलेला आकडा वाळला की पुढचा जोड दिसतो, म्हणून ब्रश खाली ठेवणं शक्य नव्हतं. त्यानं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला.

"दुल्हेभाई, आलियाला नव्वदच्या वर टक्के पडले," मेव्हणा नांदेडहून सांगत होता. "अकरावी-बारावी लातूरलाच करायची म्हणते. क्लासला नाव पण घातलं. राहायला तुमच्याकडं येईल."

मुज्तबाचा हात थांबला तो थांबलाच. आकड्याच्या पोटात रंग साचला.

"तिची अम्मी काय म्हणते?"

"तीच म्हणाली तुमच्याकडं ठेवू. फक्त विचार म्हणाली, छत कशाचं हाय."

"पत्र्याचं," मुज्तबा म्हणाला. "तिला माहीत आहे. बघून गेलीय ती."

आलिया त्याची एकुलती एक मुलगी. ती आठ महिन्यांची असताना तिची आई, खातूनबी, तिला घेऊन नांदेडला माहेरी गेली होती. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हाचे ते दिवस. जुन्या लातुरात त्यांचं भाड्याचं, जड मातीच्या छताचं माळवदाचं घर होतं. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जमीन हलली आणि स्वयंपाकघराची भिंत चुलीवर आडवी झाली. तिघं बाहेरच्या खोलीत होते, त्यांना खरचटलंसुद्धा नाही. तिकडं किल्लारीच्या बाजूला गावंच्या गावं गाडली गेली होती. त्यामुळं येणारा प्रत्येक माणूस खातूनबीला म्हणायचा, नशीबवान आहेस. तिच्या हातापायांचा थरकाप कुणाला दिसला नाही, आणि दिसला त्यांना तो डॉक्टरला दाखवण्यासारखा वाटला नाही. घरात कुणी मेलंच नव्हतं.

ती महिनाभरासाठी म्हणून गेली. मुज्तबाचं दुकान लातुरात, गिऱ्हाईक लातुरात. त्यानं नांदेडला काम शोधून बघितलं, पण तिथं पेंटरांची वाण नव्हती. महिन्याचं वर्ष झालं. तलाक नाही, भांडण नाही. एक शुक्रवार सोडून दुसऱ्या शुक्रवारी तो एसटीनं नांदेडच्या इतवाऱ्यात सासुरवाडीला जायचा, दुपारचं जेवायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचा.

पहिला डबा त्यानं लेकीसाठीच केला होता. टर्पेंटाइनचा रिकामा डबा कापून, ठोकून, लाल रंगवून त्यानं ईदेला नेला. पोरगी तेव्हा दोनेक वर्षांची. तिनं त्याला ओळखलं नाही. डब्याकडं न बघता ती नानीच्या पदराआड गेली आणि रडायला लागली. नानीनं डबा फळीवर ठेवला.

परतीच्या गाडीत मुज्तबाला पोरीचं रडणं आठवू नये म्हणून तो डब्याचाच विचार करत बसला. चाकं फार मोठी झाली होती. दार मधोमध हवं होतं, ते एका बाजूला गेलं होतं. लातूरच्या नॅरोगेज स्टेशनात त्यानं कितीतरी वेळा खऱ्या डब्यांवर नंबर टाकले होते, तरी हातानं चूक केली होती. घरी आल्यावर त्यानं दुसरा डबा करायला घेतला, आणि तो कुणासाठी हा प्रश्न मनात आला नाही.

पुढं ते वाढत गेलं. तो टेप घेऊन यार्डात जायचा, उभ्या डब्याची लांबी, दाराची उंची, पायरीची रुंदी मोजायचा. ड्यूटीवरचे लोक हसायचे, मग हसेनासे झाले. खऱ्या डब्याचा एक फूट म्हणजे त्याच्या डब्याचा पाव इंच. सगळं त्या मापात. पत्र्यावरचे रिबेट, खिळ्यांची गोल डोकी, उठवायला तो पत्रा शिशाच्या तुकड्यावर पालथा ठेवून मागून बोथट खिळा दाबायचा. समोरून बाजरीच्या दाण्याहून बारीक टिपके उठायचे. प्रवासी डब्यांच्या खिडक्यांना आगकाड्यांच्या पट्ट्या, आत लाकडाची बाकडी, वर छत सुटं, उचलता येईल असं. चाकं पितळेची, ती रेवणप्पा लेथवर काढून द्यायचा. रेवणप्पा उदगीरकडचा, दोन गल्ल्या सोडून त्याचं वर्कशॉप होतं. शहरात मुज्तबाशी कामाशिवाय बोलणारा माणूस म्हणाल तर तोच.

रंगाला सगळ्यात वेळ लागायचा. आधी रेड ऑक्साइडचा पातळ हात. तो घासून मग विटकरी रंगाचे तीन हात, प्रत्येक हात इतका पातळ की खालचे रिबेट बुजू नयेत. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून डब्यावर परात पालथी घालायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिला शिवायचं नाही. अक्षरं शेवटी, खारीच्या केसांच्या ब्रशानं, श्वास रोखून.

"इंजन कधी करनार मुज्तबाभाई?" रेवणप्पा विचारायचा.

"इंजिनावर लिहायला जागा कुठं असते?" मुज्तबा म्हणायचा.

मधल्या काळात त्यानं घर बदललं. गावाबाहेरच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या, भिंती विटांच्या आणि छत मुद्दाम हलक्या पत्र्याचं, पडलं तरी माणूस दबू नये असं. मग तो खातूनबीला आणायला गेला. ती आली. उंबऱ्यापाशी बसून तिनं पत्रा बघितला, भिंती बघितल्या, चहा घेतला. मांडीवर पोरगी झोपली होती. "चांगलं बांधलंत," ती म्हणाली, आणि दुपारच्या एसटीनं परत गेली. मुज्तबा तिला थांब म्हणाला नाही. तिला वेळ लागतोय, असं त्यानं धरलं. त्यालाही बरीच वर्षं होऊन गेली होती.

आता त्याच आईनं लेकीला लातूरला पाठवायचं ठरवलं होतं. मुज्तबाला त्याचं नवल वाटलं नाही. नायगावपासून निलंग्यापर्यंतची पोरं लातुरात येत होती. रिकाम्या प्लॉटांवर होस्टेलं उभी राहिली होती, घराघरातून जेवणाचे डबे जात होते. मुज्तबानंच कितीतरी क्लासचे बोर्ड रंगवले होते, निकालाच्या आठवड्यात पहिल्या आलेल्यांची नावं भिंतींवर लिहिली होती. मग फ्लेक्स आला आणि भिंती त्याच्या हातून गेल्या. आता तो नंबरप्लेटी करायचा, टेम्पोच्या मागं लिहायचा. नॅरोगेजची गाडीही बंद झाली होती. मापं घ्यायला यार्डात काही उरलं नव्हतं, पण तोवर सगळी मापं त्याला पाठ झाली होती.

आतली खोली डब्यांची होती. तीन भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर मालडबे, प्रवासी डबे, जनावरांचा डबा, पाण्याची टाकी. मुज्तबानं ते एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळले, सफरचंदाच्या खोक्यांत भुसा घालून ठेवले आणि हातगाड्यावरून रेवणप्पाच्या वर्कशॉपात नेले.

"फेकून तर न्हाईत ना द्यायचे?" रेवणप्पानं विचारलं.

"पोरगी येतीय. रंगाच्या वासानं तिचं डोकं दुखेल."

त्यानं खोलीला चुना दिला. टेबल आणलं, खाट आणली, खिडकीला पडदा लावला. फळ्या तशाच ठेवल्या, तिच्या पुस्तकांसाठी.

जूनमध्ये आलिया आली. अकरम तिला सोडून लगेच गेला. उंच, आईच्या चणीची पोरगी, दारात चप्पल काढून उभी राहिली आणि म्हणाली, "सलाम अलैकुम, अब्बा." पाहुण्यांना म्हणतात तसं. तिला काय द्यावं हे त्याला सुचेना. त्यानं पाणी दिलं.

शुक्रवाराआड तास-दोन तास भेटणारी मुलगी आणि सकाळी तोंड धुताना दिसणारी मुलगी यांत फरक असतो, हे त्याला हळूहळू समजलं. तिला वांगं चालत नाही. ती चहात साखर कमी घेते. झोपेत दात खाते. ती पहाटे क्लासला जायची, दुपारी येऊन जेवायची, परत जायची, आणि घरी असली की आतल्या खोलीचं दार लोटलेलं. तो बाहेर बसून तिच्या वह्यांची पानं उलटल्याचा आवाज ऐकायचा. दुकानातून आल्यावर अंगणातच रॉकेलनं हात धुवायचा, मग साबणानं, तरी ती जेवताना ओढणी नाकाशी न्यायची. मुद्दाम नाही, सवयीनं.

"काही पाहिजे का?" तो विचारायचा.

"नक्को अब्बा."

असं वर्ष गेलं. घरात दोन माणसं झाली होती, आणि मुज्तबाला पूर्वी कधी वाटलं नव्हतं इतकं एकटं वाटत होतं. पूर्वी निदान संध्याकाळी हातांना काम होतं. आता तो हात मांडीवर ठेवून ओट्यावर बसायचा. कधी रेवणप्पाकडं जाऊन एखादं खोकं उघडायचा, कागद बाजूला करून बघायचा आणि परत बंद करायचा.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात एकदा दुपारी पत्रा खडखडला. रस्त्यानं जड गाडी जावी तसा, पण रस्त्यावर गाडी नव्हती. मुज्तबाला कळलं, जमीन हलली. तो होता तसा निघाला. सायकल काढायचंही सुचलं नाही, क्लासच्या रस्त्यापर्यंत पळत गेला. तिथं शेकडो पोरंपोरी रस्त्यावर उभी होती. एकमेकांना टाळ्या देत होती, कुणी मोबाइलवर घरी सांगत होतं, एक मास्तर पायऱ्यांवरून सगळ्यांना आत चला म्हणत होते. आलिया एका मुलीबरोबर कठड्याला टेकून हसत होती. ती अशी हसते हे त्यानं पहिल्यांदाच बघितलं.

त्याला बघून तिचं हसू थांबलं.

"लागलं नाही ना?" मुज्तबाला धाप लागली होती.

"नाही. काहीच झालं नाही."

"कोण गं हे?" शेजारच्या मुलीनं विचारलं. ती वर्षाराणी, रेणापूरची. तिचं नाव मुज्तबानं घरात फोनवर ऐकलं होतं.

आलियानं त्याच्या शर्टावरच्या रंगाच्या डागांकडं बघितलं, मग दुसरीकडं. "आमच्या नात्यातले आहेत. मी राहते ना, त्यांच्याकडंच."

"काका, तुमी उगं घाबरलात बघा," वर्षाराणी मायेनं म्हणाली. "नुसत्या खिडक्या हालल्या. पण तुमच्यावर बी लई जबाबदारी हाय म्हणा. हिचे अब्बा तिकडं सौदीला."

"हौ," मुज्तबा म्हणाला. "जबाबदारी तर हाय."

तो घरी आला. खिचडी टाकली, चिंचेचा खट्टा केला. सूर्य बुडायच्या आत आलिया आली आणि सरळ आत गेली. त्यानं ताट वाढून हाक मारली तरी आली नाही. मग तोच दारापाशी गेला. ती खाटेवर पाय जवळ घेऊन बसली होती, पुस्तक नव्हतं हातात.

"किती वर्षं झाली मला सौदीला जाऊन?" त्यानं विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "मी केजीत होते तेव्हापासून. बाईंनी अब्बांना आणा म्हणून सांगितलं होतं. मामू म्हणाले, ते सौदीला आहेत. मग तेच चालू राहिलं."

"आणि काम काय करतो मी तिथं?"

"क्रेन चालवता."

"क्रेन?"

"मोठ्या मोठ्या इमारतींची."

मुज्तबाला हसू आलं. "अगं, मला शिडीच्या चौथ्या पायरीवर गरगरतं. मोठे बोर्ड मी खाली उतरवून रंगवायचो. क्रेनवर मला कुणी चढवलं?"

आलिया फसकन हसली आणि तोंड ओढणीत घातलं. खांदे हलत राहिले, ते हसण्यानं नव्हे. तो तिथंच उंबऱ्यावर बसला. पाठीवर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण ते कधी केलं नव्हतं.

"अम्मीला सांगू नका," ती म्हणाली.

"तिला माहीत नाही का?"

"माहीत आहे." ओढणीतूनच आवाज आला. "कुणी नवीन भाडेकरू आले की तीपण तसंच सांगते."

मुज्तबा उंबऱ्यावरून उठला. म्हणाला, "जेवून घे. खट्टा थंड झाला की चांगला लागत नाही."

जेवण झाल्यावर तिनं आतून काहीतरी मुठीत आणलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. आसाला जोडलेली पितळेची दोन चाकं होती. "खाटेखाली झाडताना सापडलं. पहिल्याच आठवड्यात. विचारायचं राहिलं."

मुज्तबानं ती तळहातावर घेतली. "मालडब्याची आहेत," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं रेवणप्पाकडून एक खोकं आणलं.

आलियानं कागद सोडवला. प्रवासी डबा होता, दुसऱ्या वर्गाचा. तिनं तो डोळ्यांजवळ धरला, छत उचललं, आतल्या बाकड्यांवरून करंगळी फिरवली.

"हे तुम्ही केलं?"

"हौ."

"असे किती आहेत?"

"असतील बरेच. मोजले नाहीत."

ती डबा फिरवून बघत राहिली. "नानीकडं असाच एक होता. लाल. तिचे सुया-दोरे असायचे त्यात."

"तो चुकलेला होता. चाकं मोठी झाली होती."

"सुया छान मावायच्या पण," ती म्हणाली. डबा तिनं नीट टेबलाच्या कडेला ठेवला. आणि रसायनशास्त्राची वही उघडली, कारण दुसऱ्या दिवशी टेस्ट होती.

त्यापुढं दोघांत फार बोलणं वाढलं असं नाही. ती तिच्या अभ्यासात, तो त्याच्या नंबरप्लेटीत. पण मुज्तबानं ओट्यावर एक फळी टाकली आणि दुपारी ती क्लासला गेली की पत्रा कापायला बसू लागला. येताजाता ती परातीकडं बघून विचारायची, "वाळला का?" तो म्हणायचा, "उद्या." क्लासला निघताना ती "जाते, अब्बा" म्हणायची. पूर्वीही म्हणायची, पण आता त्याला ते ऐकू यायला लागलं.

बारावी झाली, सीईटी झाली. डॉक्टरकी थोडक्यात हुकली, औरंगाबादला डेंटलला नंबर लागला. सामान न्यायला अकरम जीप घेऊन आला, आणि जीपमध्ये खातूनबी होती.

ते आले तशी पोरगी मामूबरोबर जीपनं मैत्रिणींना भेटायला बाजूच्या होस्टेलवर गेली. खातूनबी या वेळी उंबऱ्यापाशी बसली नाही. आत आली, आतल्या खोलीत जाऊन फळ्या बघितल्या, पडदा बघितला. त्या पहिल्या खेपेनंतर तिचे केस पांढरे झाले होते. ओट्यावर येऊन तिनं सहज परात उचलली. खाली गार्डचा डबा होता, नुकता रंगवलेला.

"हात लावू नको," मुज्तबा पटकन म्हणाला. "ओला आहे."

"नाही लावत." ती वाकून बघत राहिली. "इतकी वर्षं हेच करत होतात?"

"काम संपल्यावर."

"आलिया सांगत होती. मला वाटलं, असतील दोन-चार." तिनं परात जशी होती तशी ठेवली आणि हात पुसले. त्यानं चहा केला. दोघं पत्र्याखाली बसून चहा प्यायले. वारा सुटला होता, पत्रा मधेच कुरकुरत होता. मुज्तबा तिच्याकडं बघत होता. ती दचकली नाही.

"आजची रात्र थांब," तो म्हणाला. एवढं म्हणायला त्याला सोळा-सतरा वर्षं लागली होती. "सकाळी सगळेच निघा. पोरगीही थांबेल."

खातूनबीनं कप खाली ठेवला.

"अजी, तुम्हाला अजून वाटतं का, की मी घाबरून येत नाही?"

मुज्तबानं वर पत्र्याकडं बघितलं.

"भीती कधीच गेली," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, लपवाछपवी नव्हती. "पोरगी शाळेत जायला लागली तेव्हाच गेली असेल. मग रोज वाटायचं, उद्या जाऊ. मग तिकडची सवय लागली. सकाळी कुणाला विचारायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. तुम्ही यायचात, जेवायचात, जायचात. मला वाटलं, तुम्हालाही तेच बरं पडतंय."

"मी हे छत..." मुज्तबा म्हणाला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "माझ्यासाठी घातलंत, ते त्या दिवशी बघूनच कळलं होतं. त्याचंच ओझं वाटलं, म्हणून तर थांबवत नव्हतं इथं."

जीपचा हॉर्न वाजला. आलिया आली, पुस्तकांची खोकी मागं चढली. निघताना तिनं बापाच्या गळ्यात हात टाकले, घाईत, अर्धवट. "फोन करते," म्हणाली. खातूनबीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "तब्येत सांभाळा." जीप कोपऱ्यावरून वळली.

पुढचे काही दिवस मुज्तबानं परात उचलली नाही. रंग कधीच वाळून गेला असेल. दुकानातून यायचा, ओट्यावर बसायचा, आतल्या खोलीचा दिवा लावायचा आणि थोड्या वेळानं घालवायचा. आलियाचा फोन रविवारी यायचा. मेसचं जेवण, प्रॅक्टिकल, मेणाचे दात कोरायला लावतात. "तुम्हाला चांगलं जमलं असतं," ती एकदा म्हणाली. मग हाक आली म्हणून फोन ठेवला.

रेवणप्पा खोकी परत घेऊन आला. "खोली मोकळी झाली न्हवं," तो म्हणाला. "लावून टाका आता."

"लावतो."

"लई दिवसात माझ्याकडं फिरकला न्हाईत. तब्येत बरी हाय ना?"

"बरी आहे," मुज्तबा म्हणाला. सांगण्यासारखं काही होतं का, हे त्याला ठरवता आलं नाही. रेवणप्पा जरा वेळ बसला, तंबाखू मळली आणि गेला.

मग शुक्रवार आला, नांदेडला जायचा. मुज्तबा सवयीनं आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून एसटी स्टँडवर गेला. गाडी लागलेली होती. कंडक्टर अहमदपूर, लोहा, नांदेड असं ओरडत होता. मुज्तबा बाकावर बसला. लेक लातूरला असतानाही त्यानं हे शुक्रवार चुकवले नव्हते. पण आता खातूनबीनं न विचारता सांगून टाकलं होतं की तिचं काही अडलेलं नाही. गाडी निघून गेली. मागून दुसरी लागली, तीही गेली. तो घरी आला, कपडे बदलले आणि खोकी उघडली. फळ्यांवर एकेक डबा ठेवत गेला. एका मालडब्याच्या दारावर बिघडलेला आकडा होता. तो त्यानं टर्पेंटाइनच्या चिंधीनं पुसायला घेतला, पण रंग पक्का झाला होता. घासून काढावा लागला.

त्यानंतरच्या शुक्रवारी तो गेला. बसमध्ये खिडकीशी बसून, हातात काही न घेता. इतवाऱ्यात दार खातूनबीनंच उघडलं. ती क्षणभर उभी राहिली. मग बाजूला झाली, पाटा-वरवंटा सरकवून जागा केली, आणि आत जाऊन अजून एका माणसाचं पीठ मळायला घेतलं.

का आलात, असं तिनं विचारलं नाही. त्यालाही ते सांगता आलं नसतं. जेवताना तिनं आलियाचा फोन आला होता का विचारलं, त्यानं हो म्हणून मेणाच्या दातांचं सांगितलं. ते तिला माहीत नव्हतं. तिनं अजून काय म्हणाली म्हणून विचारलं, आणि तो आठवून आठवून सांगत राहिला. संध्याकाळच्या गाडीनं तो परत आला. घरात अंधार होता. दिवा लावून त्यानं पत्र्याचा नवा तुकडा काढला, पट्टी धरली आणि खूण करायला लागला.